दोन जळके वूफर आणि सव्वीस नाणी

'मुलींनो, खालच्या आजींची परत तक्रार आलीय. आता शेवटचं सांगतोय. अजून एकदा फोन आला, तर महिनाअखेर घर रिकामं करा.'

घरमालक काकांचा हा मेसेज शुक्रवारी रात्री दहाला पाच कमी असताना आला. आठवडाभराच्या डेडलाइन्स संपवून मी आणि माझी रूमी पिझ्झा उघडून बसलो होतो. आवाज म्हणाल तर फार नव्हताच, देवाशप्पथ! मी फोनवरच्या अ‍ॅपनं मोजलासुद्धा. पन्नासच्या आसपास डेसिबल. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर ४५ची. म्हणजे दहापर्यंत आम्ही कायद्यात बसत होतो. 'आजींनाच जरा जास्त ऐकू येतं,' असं म्हणून मी विषय संपवणार होते.

रूमीनं पिझ्झा खाली ठेवला. ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. सध्या आयटीत बसून एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासते, पण कॉलेजात अ‍ॅम्प्लिफायर बनवायची. म्हणाली, 'तुझं ते अ‍ॅप बेस मोजतच नाही गं.'

फंडा असा की डेसिबल मोजताना कानाच्या सवयीप्रमाणे एक चाळणी लावतात. कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून मीटरही ते कमी धरतो. किती कमी? ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल! म्हणजे अ‍ॅपवर पन्नासचा आकडा आणि खाली आजींच्या मांडणीवर पातेली नाचतायत, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. लांबच्या गल्लीतून मिरवणुकीच्या डीजेचं गाणं ऐकू येत नाही, नुसतं छातीत धडधडतं, तसंच.

गुन्हेगार होता आमचा टू-पॉइंट-वनचा सेट. कोपऱ्यात बसवलेला, प्रत्येक गाण्यात एकच सूर काढणारा. ढोल असो, बेस गिटार असो, बाहेर काय येणार? घों. रूमीनं त्याच रात्री तो माळ्यावर टाकला आणि जाहीर केलं, 'मी बनवते. लहान, खोल आणि सभ्य.' महिनाभरानं ती बेंगळुरूच्या ऑफिसात बदलून जाणार होती. माझ्याकडे तिच्यासोबतचे चार वीकेंड उरले होते आणि ते मी सुतारकामात घालवणार होते. जाऊ दे, मॉलपेक्षा बरं!

तर बॉस, आधी थोडी थिअरी. कंटाळू नका, माझं मास कॉमचं डोकं समजू शकलं म्हणजे तुमचं नक्की समजेल.

बेस म्हणजे हवा ढकलणं. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली आणायचा, तर चौपट हवा हलवावी लागते. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. तिथे एकट्या साडेसहा इंची स्पीकरची दमछाक होते. मोठा डबा बनवा, मोठा स्पीकर लावा, प्रश्न मिटला. पण आमची खोली अकरा बाय दहा. कपाट, दोन गाद्या, माझं टेबल, आणि रूमीचा तो न वापरलेला ट्रेडमिल. डबा मिक्सरच्या खोक्यापेक्षा मोठा चालणार नव्हता.

इथे हॉफमनसाहेबांचा नियम आडवा येतो. केएलएच ही अमेरिकन स्पीकर कंपनी १९५७ मध्ये सुरू झाली, तिच्या नावातला 'एच' म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. त्यांच्या नावानं चालणारा 'आयर्न लॉ' सांगतो: लहान डबा, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी मिळतील, तिसरी सोडा. (स्वस्त, सुंदर आणि स्टेशनजवळचा फ्लॅट शोधणाऱ्यांना हा नियम तोंडपाठ असतो.) आम्ही मोठा आवाज सोडला. तसाही काकांनी तो सोडायलाच लावला होता.

लहान डब्यातून खोल सूर काढायचा नेहमीचा मार्ग म्हणजे पाइप. स्पीकरच्या डब्याला गोल भोक दिसतं ना, ते. डब्यातली हवा स्प्रिंगचं काम करते, पाइपमधली हवा वजनाचं, आणि दोघं मिळून एका ठरावीक सुरावर झुलतात. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरासनं १९३२ मध्ये याचं पेटंट मिळवलं. मग आपणही प्लंबरकडून पाइप आणू की! मी तर निघालेच होते.

रूमीनं कागदावर गणित मांडलं. १० लिटरचा डबा, सूर ३५ हर्ट्झ. पाच सेंटीमीटर व्यासाचा पाइप घेतला तर लांबी लागते ४४ सेंटीमीटर. शिवाय एवढ्या बारीक पाइपमधून हवा जोरात पळते आणि फुसफुसते. मग जाड पाइप घेऊ, साडेसात सेंटीमीटरचा? त्याला लांबी लागते साधारण एक मीटर! आणि तो पाइपच साडेचार लिटर जागा खाणार. दहा लिटरच्या डब्यात.

पाइपऐवजी सरळ एक वजनच टांगलं तर? हाच तो पॅसिव्ह रेडिएटर. दिसायला स्पीकरसारखा. कागदाचा कोन, कडेला रबर, मागे सांगाडा. फक्त चुंबक नाही, कॉइल नाही, वायर नाही. मुख्य स्पीकर आत-बाहेर झाला की डब्यातली हवा दबते, ती याला ढकलते. झोक्यावर बसलेल्या पोराला तुम्ही बरोबर वेळेला एका बोटानं धक्का देत राहिलात तर झोका आभाळाला लागतो, तसा ठरावीक सुरावर हा जोरात झुलतो आणि मुख्य स्पीकर जवळपास स्वस्थ बसतो. कोणत्या सुरावर झुलायचं, ते त्याच्या वजनावर ठरतं. फुसफुस नाही, मीटरभर पाइप नाही. आरसीए कंपनीतल्या हॅरी ओल्सननं १९३५ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि १९७४ मध्ये रिचर्ड स्मॉल या माणसानं त्याचं पूर्ण गणित मांडलं. तुमच्याकडे जेबीएलचा फ्लिप किंवा चार्ज असेल तर दोन्ही टोकांना थरथरणाऱ्या त्या चकत्या बघा. तेच हे. नव्वद वर्षांपूर्वीची आयडिया रोज तुमच्या बॅगेत फिरते!

तपकीर गल्लीतली पत्रिका

शनिवारी सकाळी बुधवार पेठ. पासोड्या विठोबापाशी गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला, त्यावर एक वेगळा कॉलम होईल.

स्पीकर निवडणं म्हणजे स्थळ बघणं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. चांगल्या वूफरसोबत एक कागद येतो, त्यावर थीले-स्मॉल नावाचे आकडे असतात. (नेव्हिल थीले ऑस्ट्रेलियाचे, त्यांचा मूळ पेपर १९६१चा. जोडीतले दुसरे वर आलेले रिचर्ड स्मॉलच.) ही वूफरची पत्रिका. एफएस म्हणजे तो मोकळ्या हवेत कोणत्या सुरावर डोलतो. व्हीएएस म्हणजे त्याची लवचीकता किती लिटर हवेइतकी आहे. क्यूटीएस म्हणजे त्याचा स्वतःवर ताबा किती. क्यूटीएस ०.३ ते ०.४५ असेल तर अशा डब्याशी गुण जुळतात. फार जास्त असेल तर बंद डबा बरा. आणि ज्याला पत्रिकाच नाही, त्याच्याशी लग्न करू नये, मग बाहेरून कितीही देखणा असो. आमच्या दुकानदार दादांनी पिवळ्या कोनाचा एक देखणा दाखवला. 'वॅट किती?' विचारल्यावर म्हणाले, 'ताई, हजार लिहिलंय.' रूमीनं तो नुसता हातात घेतला, वजन बघितलं आणि परत ठेवला.

शेवटी साडेसहा इंची, चार ओहमचा, लांब झेप घेणारा एक सापडला. कागदासकट.

मग तिनं विचारलं, 'दादा, याच साइजचे जळके आहेत का? दोन पाहिजेत.'

'जळके? ते कशाला? नवे देतो ना!'

'नाही, जळकेच पाहिजेत. पण रबर चांगलं पाहिजे.'

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मागच्या पोत्यातून त्यांनी कॉइल जळालेले, गाड्यांमधून काढलेले वूफर काढले आणि दीडशेला एक लावला. मेलेल्या स्पीकरचे दीडशे! पण तयार पॅसिव्ह रेडिएटर मागवायचा तर त्याच्या कितीतरी पट जातात, त्यामुळे घासाघीस न करता दिले.

दोनच का? कारण हिशेब असा की पॅसिव्ह रेडिएटरला मुख्य स्पीकरच्या निदान दुप्पट हवा हलवता आली पाहिजे, नाहीतर तो मर्यादेला आपटून खडखडतो. एका जिवंत माणसामागे दोन मेलेले, असं रूमी म्हणाली. शिवाय दोन असले की समोरासमोरच्या भिंतींवर बसवता येतात. दोघं एकाच वेळी बाहेर, एकाच वेळी आत. एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो, डबा नाचत नाही. आणि डबा नाचला नाही तर फरशी हलत नाही, फरशी हलली नाही तर आजी... कळलं ना?

चुंबक काढायचं काम मात्र घाणेरडं आहे. मागून हॅकसॉ आणि छिन्नी. मागची जाळीदार चकती, जिला स्पायडर म्हणतात, तिला धक्का लागता कामा नये. रबर आणि स्पायडर दोन्ही शाबूत असले तरच कोन सरळ चालतो. चुंबकाचा भुसा कोनात गेला की गेला. गच्चीवर वर्तमानपत्र पसरून दोन तास.

पहिला डबा, ज्याच्यात आता कांदे आहेत

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून १८ एमएम प्लाय कापून आणला. आतून बावीस सेंटीमीटरचा चौकोनी ठोकळा, साडेदहा लिटर. पुढे मुख्य स्पीकर, डाव्या-उजव्या अंगाला दोन मेलेले. फेव्हिकॉल, स्क्रू, दोन दिवस वाळवणं. सुंदर झाला होता हो! मी फोटोही टाकला.

रविवारी संध्याकाळी स्पीकर बसवायला घेतला तर तो आत जाईना. चित्रात रूमीनं पॅसिव्ह रेडिएटर सपाट चकतीसारखे काढले होते. प्रत्यक्षात चुंबक काढल्यावरही सांगाडा सहा सेंटीमीटर आत येतो. दोन्हीकडून सहा-सहा म्हणजे बारा, मधे उरले दहा, आणि मुख्य स्पीकरचं चुंबकच तेवढं. तिन्ही एकमेकांना घासत होते.

ती काहीच बोलली नाही. तासभर गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाली, 'चार वर्षं झाली ना, मी हातानं काही बनवलेलं नाही. साधं मापसुद्धा चुकतं आता.' मला काय बोलावं सुचेना. फ्रीलान्सर आहे मी, पहिला ड्राफ्ट कचऱ्यात जाणं माझ्यासाठी मंगळवार असतो. तेच सांगितलं. हसली नाही, पण कागद मागितला.

दुसरा डबा उभा. आतून १८ बाय २० बाय ३०. मुख्य स्पीकर वर, छताकडे तोंड करून. पॅसिव्ह रेडिएटर दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला. आता कोणी कोणाला लागत नाही, आणि सगळ्यांनी खाल्लेली जागा वजा जाता राहतात तेच दहा लिटर. एक लक्षात ठेवा: वजनदार पॅसिव्ह रेडिएटर आडवा, म्हणजे जमिनीकडे किंवा छताकडे तोंड करून बसवू नका. वजनानं तो कायमचा एका बाजूला लोंबतो. हलक्या कोनाच्या मुख्य स्पीकरला ते चालतं. आणि या वेळी प्लाय कापायच्या आधी पुठ्ठ्याचा डबा बनवून तिन्ही स्पीकर आत उतरवून बघितले. पंधरा मिनिटांचं काम. पहिल्यांदाच केलं असतं तर!

हवा कुठून निसटत नाही ना, हे बघायला एका पॅसिव्ह रेडिएटरला हळूच आत दाबायचं. मुख्य कोन वर येतो आणि तसाच थांबला तर डबा घट्ट. लगेच परत बसला तर गळती. आमचा बसला. वायरच्या भोकातून हवा जात होती. एम-सील झिंदाबाद.

वजनाचा खेळ

आता खरी मजा. फोनवर टोन जनरेटर लावायचा, आवाज अगदी कमी ठेवायचा आणि सूर हळूहळू खाली आणत मुख्य कोनाकडे बघायचं. ज्या सुराला तो जवळपास स्तब्ध होतो आणि बाजूचे दोघं जोरात हलतात, तो तुमच्या डब्याचा सूर.

वजन न लावता तो आला ८५ हर्ट्झ. अगदीच पिपाणी! सूर निम्म्यावर आणायचा तर वजन चौपट करावं लागतं. एकेका कोनाचं वजन वीसेक ग्रॅम, आम्हाला हवे होते १२० च्या आसपास. शंभर ग्रॅमचं काय लावायचं? रूमीनं तिचा डबा उघडला, ज्याच्यात ती बसचे सुटे पैसे ठेवते. दहा रुपयांचं एक नाणं ७.७१ ग्रॅमचं. डबल टेपनं कोनाच्या बरोबर मध्यावर रचायची. मध्यावरच, नाहीतर कोन लंगडतो.

सात-सात नाणी, ४४ हर्ट्झ. दहा-दहा केली तेव्हा एक नाणं सुटून थेट ट्रेडमिलवर आदळलं. तेरा-तेरा नाणी... ३५! दोघी किंचाळलो. (रात्रीचे साडेआठ वाजले होते, कायद्यात होतो.) दोनशे साठ रुपये स्पीकरच्या अंगावर नाचत होते.

दुसऱ्या दिवशी नाणी काढून तेवढ्याच वजनाचे वॉशर आणले, मध्यभागी छोटा बोल्ट घालून इपॉक्सीनं पक्के केले. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वॉशर थोडे जास्तच घ्या, कमी-जास्त करता येतात, हीच तर पाइपवर मात आहे.

अ‍ॅम्प्लिफायरवर फार खर्च केला नाही. टीपीए ३११६ चिपचा छोटा बोर्ड आणि रूमीच्या जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर. चार ओहमवर जेमतेम चाळीस वॅट मिळतात, आमच्या खोलीला ते भरपूर. एक गोष्ट मात्र टाळू नका. ३५ हर्ट्झच्या खाली डब्यातल्या हवेचा आधार सुटतो आणि मुख्य कोन वेड्यासारखा उडायला लागतो. म्हणून लॅपटॉपच्या इक्वलायझरमध्ये ३० च्या खालचं सगळं कापून टाकलं. एवढं एक न केल्यामुळे कित्येक स्पीकर जळक्यांच्या पोत्यात जातात. आमच्या दोघांचं तसंच झालं असणार, गाडीत कोण इक्वलायझर बघतं!

आणि कोपरा. आमची खोली अकरा फूट लांब. त्या लांबीत ५१ हर्ट्झची लाट बरोबर अर्धी मावते, म्हणून तो एक सूर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी फुगतो. जुना सेट कोपऱ्यात बसून नेमका त्यालाच हवा घालत होता. आता काय करायचं? नवा डबा माझ्या खुर्चीवर ठेवायचा, एक बेसचं गाणं लावायचं आणि आपण रांगायचं. हो, रांगायचं! भिंतीकडेनं, कान खाली, जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात ती जागा सापडेपर्यंत. मग डबा तिथे, आपण खुर्चीत. आमची जागा लांब भिंतीच्या मध्याला, ट्रेडमिलच्या शेजारी निघाली. मध्यावर तो ५१ चा सूर उठतच नाही. खाली जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले.

ऐकायला कसा? ढोल ढोलासारखा आणि बेस गिटार गिटारसारखी. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. मोठ्या आवाजात मात्र दमतो, हे कबूल. पार्टीच्या कामाचा नाही.

खरी परीक्षा खाली होती. शनिवारी संध्याकाळी सातला मी आजींच्या दारात गेले. एक वाटी शिरा घेऊन, उगाच कशाला रिस्क? 'आजी, वर गाणं चालू आहे. तुमच्याकडे बसून ऐकू का?'

'अगं ये की. ऐकू काय, तुम्ही ऐकवताच रोज.'

बसलो. वर रूमीनं लावलं. आजी मान वाकडी करून ऐकत होत्या, मी मांडणीवरच्या पातेल्यांकडे बघत होते. पातेली गप्प. मग म्हणाल्या, 'ते घों घों नाही आज. पण आहे हं काहीतरी. वरती कोणी पाट सरकवतंय असं वाटतं.' खरं होतं, मलाही जाणवत होतं. चाळीस हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, तिला आपला पाच इंची स्लॅब काय थांबवणार? त्याला उपाय एकच, आवाजाचं बटण. मी तसं सांगितलं. आजींनी विचार केला. 'नऊ वाजता मी पडते. त्याच्या आधी सरकवा काय ते पाट.'

'नक्की, आजी. आणि... काकांना?'

'त्याला मी सांगते. शिऱ्यात वेलदोडा कमी आहे.'

तीन आठवडे झाले, काकांचा मेसेज नाही. आता भांडण आमच्या दोघींत आहे. परवा रूमीची फ्लाइट. डबा साडेसात किलो, चेक-इनला पंधरा किलो, आणि तिचं म्हणणं ड्रायव्हर तिनं निवडला, गणित तिचं, माप तिचं. मी म्हटलं, मग पहिल्या डब्याचं मापही तुझंच, तो ने, कांद्यांसकट. त्यावर तिनं उशी फेकली.

काल शेवटी मीच तपकीर गल्लीतल्या दादांना फोन लावला. म्हटलं, तसेच अजून दोन जळके मिळतील का?

'मिळतील ना ताई,' दादा म्हणाले, 'पण जळक्यांचा आता भाव वाढलाय.'